रत्नमाला तायडेचा तीन ते सहाचा वर्ग

पुस्तकं कुठल्या दुकानात मिळतील, एवढंच रत्नमालानं विचारलं होतं. एप्रिलचा पहिला आठवडा, पोरगी पाचवीत गेलेली, शाळा नवीन. अशा वेळी कुठलीही आई दुसरं काय विचारणार? तर समोर उभ्या असलेल्या वर्गशिक्षिका शेखावत मॅडम गोड हसल्या आणि हिंदीत म्हणाल्या, "आमच्याकडे पुस्तकं नसतात." पुस्तकं नसणं ही जणू शाळेनं पालकांना दिलेली भेटच होती, अशा आवाजात.

रत्नमालाला वाटलं, यांना प्रश्न कळला नाही. तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. आजूबाजूला जयपूरच्या वैशाली नगरातले, विद्याधर नगरातले पालक पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसले होते आणि माना डोलवत होते. एवढ्याशा खुर्चीवर बसवलं की माणूस आपोआप कशालाही हो म्हणतो, हे त्या शाळेला बरोबर माहीत असावं.

मग मॅडमनी समजावून सांगितलं. वर्षभरात सहा थीम. पहिली थीम पाणी. सहा आठवडे वर्गात पाणीच. गणित पाण्याचं, विज्ञान पाण्याचं, इतिहास पाण्याचा, चित्रं पाण्याची, नाचसुद्धा पाण्याचा. मुलं प्रश्न विचारतील, स्वतःच शोधतील. वेगळे विषय नाहीत, वेगळे तास नाहीत, परीक्षा नाही, मार्क नाहीत.

"मग भागाकार कोणत्या थीममध्ये येतो?" रत्नमालानं विचारलं.

"जिथे गरज पडेल तिथे येईल," शेखावत मॅडम म्हणाल्या. आणि शेवटी जाता जाता, सगळ्यांना उद्देशून, तेवढ्याच गोडव्यानं एक विनंती केली: मुलांना घरी शिकवू नका. त्यांचा गोंधळ होतो.

इथं मात्र रत्नमालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याचं कारण सांगायला हवं. रत्नमाला तायडे ही मूळची मलकापूरची. बारावी झाल्यावर डी.एड. केलेली, तेही चांगल्या मार्कांनी. पाठ टाचण कसं काढायचं, प्रस्तावनेला किती मिनिटं द्यायची, फळ्याचे उभे भाग पाडून कुठल्या भागात काय लिहायचं, हे सगळं तिच्या बोटांत बसलेलं. लग्न होऊन ती भुसावळला गेली. नवरा जनार्दन रेल्वेच्या ऑफिसात क्लार्क. पुढे जयपूरला रेल्वेचा नवीन झोन निघाला, नवीन मुख्यालय निघालं, तेव्हा ही मंडळी इकडे आली. जयपुरात मराठी डी.एड.ला कोण विचारतो? तिनं इथल्या दोन-तीन शाळांत जाऊन बघितलं होतं. एका ठिकाणी तर प्रमाणपत्र उलटंसुलटं करून विचारलं, हे कसलं आहे? त्यानंतर ती कुठं गेली नाही.

पण हाडाचा शिक्षक गप्प बसत नाही. रेल्वे कॉलनीतल्या त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात जेवणाचं टेबल होतं, आणि दुपारी तीन ते सहा ते टेबल जेवणाचं नसायचं. मोठा रणजीत केंद्रीय विद्यालयात जायचा. त्याला तिनं पहिलीपासून त्या टेबलावर शिकवलं. पुस्तकाला खाकी कव्हर, धड्याखालचे प्रश्न, प्रत्येक उत्तराचे मुद्दे, मुद्द्यांखाली पट्टीनं रेघ. रणजीत दहावीला शाळेत दुसरा आला, तेव्हा पेढे वाटताना लोक जनार्दनचं अभिनंदन करत होते आणि रत्नमाला आत पेढ्यांचं ताट पुन्हा भरत होती. तिला त्याचं काही नव्हतं. तिला ठाऊक होतं वर्ग कोणाचा होता ते.

आता रणजीत बारावीत गेला, क्लासला जाऊ लागला, आईला फिजिक्स येत नाही म्हणून टेबलावरून उठला. राहिली हिमानी. तिच्यावर रत्नमालाची सगळी मदार. आणि नेमकं तेव्हाच जनार्दनला दुर्बुद्धी सुचली. त्याच्या ऑफिसातल्या मोठ्या साहेबांची पोरं या नव्या इंटरनॅशनल शाळेत जायची. शाळेला वर्ग भरायचे होते म्हणून सरकारी नोकरांना फीमध्ये सवलत होती. हा गेला आणि बायकोला नीट न सांगता पोरीचं नाव घालून आला. वर म्हणतो कसा, "जग कुठं चाललंय बघ जरा."

जग कुठंही जावो. तीन ते सहा हा तिचा वर्ग होता, आणि घरी शिकवू नका म्हणणारी ही बाई तो बंद करायला निघाली होती. एवढी सरळ गोष्ट होती, पण कोणाला सांगणार?

पाण्याचे सहा आठवडे कसे गेले ते रत्नमालालाच ठाऊक. हिमानी रोज घरी यायची ती रिकामं दप्तर घेऊन. "आज काय शिकवलं?" विचारलं की म्हणायची, "शिकवलं नाही मम्मी, मतलब आम्ही डिस्कस केलं." काय डिस्कस केलं? तर पाणी कोणाचं असतं. आता सांगा, उन्हाळ्यात कॉलनीच्या टाकीला एक वेळ पाणी येतं, ते कोणाचं हे ज्याची बादली पुढे त्याला विचारा; त्याला शाळेत कशाला जायला हवं? एक दिवस वर्गाला आमेरच्या वाटेवरची बावडी, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, दाखवायला नेलं. हिमानी परत आली ती पायऱ्यांची चित्रं काढत बसली.

"पायऱ्या मोजल्या का?" रत्नमालानं विचारलं.

"नाही. आम्हाला हे शोधायचं होतं की बायका आणि आदमी अलग-अलग पायऱ्यांनी उतरायचे का."

"मग, उतरायचे का?"

"नाही मालूम. शोधायचं होतं बस."

म्हणजे मोजायचं नाही आणि सापडायचंही नाही. रत्नमालानं कपाळाला हात लावला. शेवटी ती स्वतः बसनं चौडा रास्ताला गेली, पुस्तकांच्या दुकानातून पाचवीची सरकारी पुस्तकं घेऊन आली, कव्हरं घातली, आणि शाळेला न कळवता तीन ते सहाचा वर्ग सुरू ठेवला. भागाकार, अपूर्णांक, भारताच्या नद्या. पण हिमानी रणजीत नव्हती. ती उत्तर लिहायच्या आधी विचारायची, "हे कोणी ठरवलं?" अपूर्णांकाचा छेद खालीच का, हे कोणी ठरवलं? नर्मदा पश्चिमेला का वाहते, कोणी ठरवलं? रत्नमाला चिडली की तिची वऱ्हाडी बाहेर यायची. "तुह्या आज्यानं ठरवलं. लिही मुकाट्यानं."

खरं म्हणजे ही सगळी भानगड रत्नमालाला नवीन नव्हतीच, आणि तिला जास्त राग त्याचाच होता. डी.एड.ला होती ना ही प्रकल्प पद्धती. प्रकल्प पद्धतीची व्याख्या, वैशिष्ट्ये, गुण, मर्यादा. तिनं ते पाठ केलं होतं, परीक्षेत जसंच्या तसं उतरवलं होतं आणि पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. त्यानंतर सराव पाठाला ती शाळेत उभी राहिली तेव्हा खडू घेतला, मुद्दे लिहिले, पोरांकडून म्हणवून घेतले. प्रकल्प पद्धती परीक्षेत लिहायची असते, वर्गात कोणी करत नाही, ही गोष्ट मलकापुरातल्या शेंबड्या पोरालाही कळत होती. या शाळेला एवढं कळू नये?

सप्टेंबरात प्रगतिपुस्तक आलं. मार्क नव्हतेच. विशेषणं होती. हिमानी विचारी आहे, हिमानी मोकळ्या मनाची आहे, हिमानी जोखीम घेणारी आहे. रत्नमालानं ते जनार्दनपुढे ठेवलं. जनार्दन सेफ्टी शाखेत बसायचा. अपघातांच्या चौकशीचे कागद त्याच्या टेबलावरून जायचे. त्यानं शेवटचं वाचलं आणि तोही जरा चरकला.

"जोखीम घेणारी? आमच्याकडं जोखीम घेतली की चार्जशीट मिळते."

"आता समजलं?" रत्नमाला म्हणाली. "पोरगी कितवी आली ते नाही. तिले काय येते ते नाही. जोखीम घेते म्हणे. काढा तिले तिथून. रणजीतच्या शाळेत घाला. अजून पुस्तकं हातात धरायची सवय तुटली नाही तिची."

जनार्दन असा बरा माणूस. आवाज चढवायचा नाही. पण त्याची एक खोड होती. निर्णय झाल्यावर तो सांगायचा आणि मग समोरच्याला समजूतदारपणे पटवत बसायचा. त्यानं पटवलं. अधेमधे काढू नये. मार्चमध्ये वर्षाचं प्रदर्शन असतं, मुलं आपण काय शिकलो ते पालकांपुढे मांडतात. तिथं बघ. पोरगी काही शिकली नाही असं तुला दिसलं, तर मी स्वतः केंद्रीय विद्यालयात अर्ज देतो. "तू म्हणशील तसं," तो म्हणाला.

तर असं ठरलं. मार्चपर्यंत. रत्नमालानंही मनाशी ठरवून टाकलं की मार्चमध्ये काय बोलायचं.

पाण्यानंतर बाजार आला, मग उजेड आला, मग शरीर, मग आणखी एक काहीतरी. एकेका थीमपायी घरातलं काही ना काही शाळेत जायचं आणि परत यायचं नाही. बाजाराच्या थीमला तिची जुनी चाळणी गेली ती गेलीच. आणि जानेवारी संपता संपता शेवटची थीम आली. हिमानी दारातूनच सांगत आली, "मम्मी, थीम आहे माणसं घर का सोडतात. आणि मला ना, तुझा इंटरव्ह्यू घ्यायचा आहे."

"माझा? तुझ्या पप्पांचा घे. नोकरी त्यांची आहे."

"नाही. मॅमने बोललं, ज्यांना कोणी विचारत नाही त्यांना विचारा. तर मी मम्मी लिहिलं."

आता यावर काय बोलावं? मग रत्नमालातली शिक्षिका उठली. प्रदर्शन याच थीमवर होतं. पालकांपुढे, साहेबांच्या बायकांपुढे पोरगी उभी राहणार. अडखळली, तर नाव कोणाचं जाईल? शाळेचं नाही. तायड्यांचं. निकाल लावायचा तो प्रदर्शनात लावूच, पण आपल्या पोरीनं माती खाल्लेली तिला चालणार नव्हती.

"तुझे प्रश्न काय आहेत?"

हिमानीनं सांगितले. कुठून आली, कशी आली, सोबत काय आणलं, काय राहिलं, इथं कसं वाटलं.

"बस. वही काढ," रत्नमाला म्हणाली, आणि तीन ते सहाच्या वर्गात तिनं आपल्याच आयुष्याचं नमुना उत्तर लिहवून घेतलं. प्रश्न आणि त्याखाली मुद्दे. माझी आई मलकापूर येथून भुसावळ व तेथून जयपूर येथे आली. येण्याचे कारण: वडिलांची बदली. आईला जयपूरला येण्याचा फार आनंद झाला, कारण कुटुंबाने एकत्र राहावे असे तिला वाटते. जयपूर हे सुंदर शहर आहे. येथील लोक प्रेमळ आहेत. मराठीत लिहून झाल्यावर शब्दकोश घेऊन बसून इंग्रजीत केलं. हिमानीला आधी मराठीत पाठ करायला लावलं, मग इंग्रजीत. फेब्रुवारीभर. पोळ्या लाटता लाटता रत्नमाला विचारायची, "तिसरा मुद्दा?" आणि आतून हिमानी घडाघडा म्हणायची.

एकदा मध्येच थांबून तिनं विचारलं होतं, "मम्मी, हे खरं आहे ना?"

"उत्तर बरोबर आहे," रत्नमाला म्हणाली. "पुढं म्हण."

प्रदर्शनाच्या दिवशी जनार्दननं अर्धा दिवस सुट्टी टाकली. स्कूटरवरून तिघं अजमेर रोडनं शाळेत पोचली. हॉलभर पोरांनी चिकटवलेले नकाशे, दोरे, बोचक्यांची चित्रं. एका मुलाचे आजोबा सिंधमधून आलेले, एका मुलीच्या घरची कामवाली बाई बिहारमधून. पुढं गालिचावर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. रत्नमालानं त्या बघितल्या आणि तिला वाटलं, कोणी पाहुणे असतील.

हिमानीची पाळी आली. ती उभी राहिली आणि तिनं इंग्रजीत सगळं म्हटलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही, एक मुद्दा गळला नाही. रत्नमाला मनातल्या मनात तिच्याबरोबर म्हणत होती. टाळ्या पडल्या. जनार्दननं बायकोकडे कौतुकानं बघितलं.

आणि शेखावत मॅडम म्हणाल्या, "सुंदर. आता आईंनी पुढे यावं. हिमानी, तू त्यांना विचार. घरी विचारलेलं नको, आत्ता सुचेल ते. त्या त्यांच्या भाषेत बोलतील, तू आम्हाला इंग्रजीत सांग."

हे कुठं ठरलं होतं? कोणी सांगितलं नव्हतं, किंवा शाळेच्या कुठल्या तरी विशेषणांनी भरलेल्या सूचनेत लिहिलंही असेल. रत्नमाला साडी सावरत पुढे गेली आणि त्या दोन खुर्च्यांतल्या एकीवर बसली. ही मोठ्यांची खुर्ची होती, पण तिचे पाय पुन्हा तसेच जवळ आले. समोर हिमानी. हातात काही नाही, वही नाही. मग तिनं तिच्या तुटक्या मराठीत विचारलं:

"मम्मी, इथं यायच्या आधी तुला कोणी विचारलं होतं का, की तुला यायचं आहे?"

रत्नमालाच्या तोंडावर तिसरा मुद्दा आला होता. कुटुंबाने एकत्र राहावे. तिनं तोंड उघडलंही. पण प्रश्न तो नव्हता. इथं कसं वाटलं, हा प्रश्न वेगळा. त्याचं उत्तर तयार होतं. हा प्रश्न तिला भुसावळला कोणी विचारला नव्हता, मलकापूरला कोणी विचारला नव्हता, आणि इतक्या वर्षांत तिनं स्वतःलाही विचारलेला नव्हता. समोर दहा वर्षांची पोरगी खरोखर उत्तराची वाट बघत होती.

"नाही," ती म्हणाली. आणि मग प्रमाण मराठी सुटली ती सुटलीच. "कोणी नाही इचारलं. मले नोकरी लागली होती. मास्तरीण म्हणून, जिल्हा परिषदेच्या शाळेत, मलकापूरच्या जवळच. किती वर्षं वाट पाह्यली होती मी तिची. यादीत नाव आलं. भुसावळवरून पॅसेंजरनं रोज जाणं-येणं केलं असतं. आणि त्याच महिन्यात रेल्वेनं तुह्या पप्पाले इचारलं, नव्या झोनमध्ये जाता का म्हणून. पप्पांनी हो लिहून दिलं. मग मले सांगितलं. मले यायचं नव्हतं, हिमानी."

तिथं मराठी कळणारं दुसरं कोणी नव्हतं, एक सोडून. जनार्दन मागच्या रांगेत बसला होता. त्यानं हातातल्या कार्यक्रमपत्रिकेची घडी घातली, मग ती उलगडली, मग पुन्हा घातली. रेल्वेनं त्याला रीतसर विचारलं होतं. साहेबाच्या सहीनिशी विकल्प मागवले होते, तीन आठवड्यांची मुदत दिली होती, मत बदललं तर कळवा असंही लिहिलं होतं. तेवढंही त्यानं घरात केलं नव्हतं.

"हिमानी," शेखावत मॅडम हळूच म्हणाल्या, "आई काय म्हणाल्या?"

हिमानीनं आईकडे बघितलं. मग मागच्या रांगेकडे. मग पालकांकडे तोंड करून स्पष्ट, ठाम इंग्रजीत तिनं सांगितलं, "माझी आई म्हणते, तिला जयपूरला येण्याचा फार आनंद झाला, कारण कुटुंबाने एकत्र राहावे असे तिला वाटते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. एका बाईनं डोळे टिपले. शेखावत मॅडमनी रत्नमालाचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, किती मनापासून बोललात. तुमच्या भाषेतला एक शब्द कळला नाही, पण भावना पोचली. डोंबल पोचली. रत्नमालाला इंग्रजी बोलता येत नव्हतं, समजत मात्र होतं. आणि हे वाक्य तर तिनंच शब्दकोश घेऊन बसवलं होतं. ती तिथं उभी राहिली, नमस्कार केला आणि जागेवर येऊन बसली. तिला संताप आला होता, इतका की कोणावर करावा ते कळेना. शाळेवर करावा, तर शाळेनं एकच गोष्ट धड केली होती, पोरीला प्रश्न विचारायला शिकवलं होतं. खोटं बोलायला तिला शाळेनं शिकवलं नव्हतं. ते तीन ते सहाच्या वर्गात झालं होतं, मुद्दे काढून, रेघ मारून.

बाहेर गाड्या लावल्या होत्या तिथं जनार्दन स्कूटरला किका मारत राहिला. चालू होत नव्हती. रत्नमालानं हिमानीला बाजूला घेतलं.

"मी सांगितलं ते तू का नाही सांगितलं?"

हिमानी बुटाच्या टोकानं वाळू उकरत होती. "पप्पा बसले होते ना."

"मग?"

"सगळ्यांसमोर त्यांना कसं वाटलं असतं?" आणि मग, आईला उगाच राग येऊ नये म्हणून समजावल्यासारखं, "तू पण तर नाही सांगत ना कधी. मी तसंच केलं."

दहाव्या वर्षी पोरगी आईइतकी तयार झाली होती. माणसासमोर काय बोलायचं, काय गिळायचं, सगळं बिनचूक.

स्कूटर एकदाची लागली. जनार्दन पुढे, मध्ये हिमानी, मागे रत्नमाला. उन्हाचा ताप वाढायला लागला होता. मग जनार्दन, समोरच बघत, वाऱ्यात ऐकू जावं एवढ्या आवाजात म्हणाला, "शाळेचं सांग मग. उद्याच अर्ज देतो केंद्रीय विद्यालयात. तू म्हणशील तसं."

वर्षभर ती या वाक्याची वाट बघत होती. तोंडात तयार होतं उत्तर.

"राहू द्या," ती म्हणाली. "तिथंच राहू द्या तिले."

"आणि भागाकार?"

"तो मी घेईन."

सोडाल्याच्या चौकात सिग्नल लाल होता. बस, टेम्पो, उंटगाडी, सगळ्यांची गर्दी झालेली. स्कूटर थांबली तशी मधल्या मधे दबलेल्या हिमानीनं बापाच्या पाठीला तोंड लावून विचारलं, "पप्पा, तुम्ही मम्मीला विचारलं नव्हतं?"

जनार्दननं वळून बघितलं नाही. सिग्नल हिरवा झाला. मागून बसवाला हॉर्न वाजवू लागला, शेजारचा टेम्पोवाला "चलो भैया" म्हणून ओरडला, तरी तो एक पाय जमिनीवर टेकून तसाच उभा होता.

"नाही विचारलं," तो म्हणाला.

"का?"

त्याला उत्तर सुचेना. इतक्या वर्षांत घरात कोणाला उत्तर सुचलं नाही की रत्नमाला सांगायची. रणजीतला सांगायची, हिमानीला सांगायची, कोणी पाहुण्यांनी जनार्दनला अडवलं तर त्याचंही उत्तर स्वयंपाकघरातून तीच द्यायची. याचंही उत्तर तिला येत होतं. दुसऱ्याचं उत्तर तिनं दिलं नाही असा एक दिवस गेला नव्हता. तिनं पदर तोंडाशी धरला आणि गप्प बसून राहिली.

"सांगा ना पप्पा," हिमानी म्हणाली. "का?"

मागचा हॉर्न वाजतच होता.